कायमचा अस्तातला गुरू

तो कागद मी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतून कापला आणि पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावला. कुणा चित्रकाराने कल्पनेने काढलेला एक नारिंगी गोळा, आणि त्याच्यामागे अर्धं पान व्यापून बसलेला त्याचा सूर्य. खाली लिहिलं होतं की हा ग्रह आपल्या गुरूसारखाच नुसत्या वायूचा, साधारण त्याच्याच तोलाचा, पण आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं अख्खं वर्ष चार दिवसांत संपतं. अशा ग्रहांना शास्त्रज्ञ तप्त गुरू म्हणतात. मी अकोल्यात सातवीला विज्ञान शिकवायची. मार्च संपत आला होता आणि वर्गातला एकुलता एक पंखा तीच गरम हवा इकडची तिकडे करत होता. मी म्हटलं, "तिथं हजार अंशांच्या वर तापमान आहे." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हंजे आपल्या अकोल्यावानीच."

वर्ग खदखदून हसला. मीही हसले, आणि लगेच डस्टर उचलून कोरा फळा पुसत राहिले. डोळे भरून आले होते, आणि सातवीच्या पोरांसमोर एकदा रडलेली बाई पुढे वर्षभर वर्ग आवरू शकत नाही. माझा नवरा उन्हानंच गेला होता. पण पोरांना ते कुठून ठाऊक असणार?

आता कुणाला वाटेल, या बाईला विज्ञानाचं फार वेड असेल, आकाशाची ओढ असेल. कसली ओढ अन् कसलं काय! गुरूबद्दल मी जे काही वाचलं ते निव्वळ संतापानं वाचलं. वर्षातून एकदा गुरू आकाशात सूर्याच्या इतका जवळ येतो की उजेडात हरवतो, महिनाभर दिसत नाही. त्याला गुरूचा अस्त म्हणतात आणि त्या दिवसांत आमच्याकडे लग्नं लावत नाहीत. माझं लग्न नेमकं त्या दिवसांत लागलं. आजोबांचं काही खरं नव्हतं, नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय जात नाही म्हणून हटून बसले होते. मग महाराजांनी, म्हणजे आमच्या भटजींनी, अडीअडचणीला काढतात तसा काढीव मुहूर्त दिला. आजोबा लग्नानंतर चांगले टुणटुणीत झाले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात माझा नवरा गेला.

तेव्हापासून मायचं एकच पालुपद. कुणी भेटायला आलं, कुणाचं लग्न निघालं, नाहीतर मी नुसती उंबऱ्यात टेकले तरी ती म्हणायची, "गुरू अस्तात होता न बाप्पा. म्या तवाच सांगतलं होतं." वडील आधीच गेले होते, त्यामुळे तिला गप्प करणारं कुणी नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढा कोट्यवधी मैलांवरचा वायूचा गोळा, त्याला दुसरा उद्योग नाही, दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या पोरीचं कुंकू पुसत बसलाय! पण तिच्याशी भांडून उपयोग नव्हता. ती पदराला डोळे लावायची की मी हरलेच.

नवरा गेला त्या दिवशीचं मला ठाऊक होतं ते एवढंच. मायनं जावयाला आमरसाच्या जेवणाला बोलावलं होतं. सरगुंडे केले होते. कणकेची वळी काडीवर गुंडाळायची, वाफवायची, काडी ओढून काढायची आणि ते रसात बुडवून खायचं. आमच्या वऱ्हाडात जावयाचा मान त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. पोटभर जेवून मी आतल्या खोलीत आडवी झाले. उठले तेव्हा तो घरात नव्हता. माय म्हणाली, "तुह्या मावशीच्या गावी जाऊन येतो म्हनले. ऐकलं नाई त्याईनं." तो वाटेत एका बाभळीखाली सापडला. मोटारसायकल नीट स्टँडवर उभी केलेली होती, म्हणजे थांबून सावलीत बसण्याइतकी शुद्ध त्याला होती. ही गोष्ट मला अजून काही सुचू देत नाही.

त्यानंतर आमच्या घरी सरगुंडे झाले नाहीत. हात दुखतात म्हणायची माय.

माझ्या पाठचा भाऊ घरची शेती करायचा. त्याच्यावर कुणाचा रुपया नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, काळी जमीन, बारमाही पाण्याची विहीर. पण त्या वर्षांत पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्याच्या बातम्या असायच्या, आणि त्या काय असायच्या ते सगळ्यांना माहीत आहे. पोरीचे बाप आधी विचारायचे, पोरगा करतो काय? शेती म्हटलं की चहा निम्मा ठेवून उठायचे. शेजारच्या घरातला एक पोरगा शाळेत शिपाई लागला, त्याचं महिन्याभरात जमलं. भाऊ पस्तिशीला आला. लोकांच्या वरातीत नाचून नाचून त्याच्या चपला झिजल्या. मी काही बोलले की म्हणायचा, "जाऊ दे न ताई. बैल काय लगन करतेत?" हसायचा, आणि मला ते हसणं बघवायचं नाही.

आणि अशात बाळापूरकडची एक मुलगी हो म्हणाली! शिवणाचे क्लास चालवणारी, तिखट तोंडाची. बघायला गेलो तर तिनंच माझ्या भावाला विचारलं, "मी शेतात येईन, मले लाज नाई. पन तुमची माय टोमने मारते का?" भाऊ म्हणाला, "मारते. पन जेवाले बी लय घालते." ती हसली आणि जमलं. मी येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले, आनंदानं.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, आणि मग मायनं पंचांग काढलं. महिनाभर गुरू अस्तात. गुरू उगवेपर्यंत मिरग लागणार, पेरण्या सुरू होणार. मग चातुर्मास. म्हणजे लग्न गेलं थेट दिवाळीनंतर. मुलीच्या बापानं निरोप पाठवला, "बाई, आमी थांबलो असतो. पन पोरीच्या मामानं एक नोकरीवाला आनला हाय, आन घरात रोज त्याच्यावरून भांडनं होऊन राहिले. याच महिन्यात करत असान तं करा." त्याच्या महाराजांनी काढीव मुहूर्त दिलाही होता. मायनं मान हलवली. "एक पोरगी दिली अस्तात. पोरगा नाई देत."

भावाचा फोन आला. तो कधी काही मागायचा नाही. त्या दिवशी म्हणाला, "ताई, तू समजाव न मायले. हे गेलं तं मंग माहं काई होत नाई." आवाज साधाच होता, बियाण्याचा भाव सांगावा तसा.

मी वर्गातला पुठ्ठा काढला, पिशवीत घातला आणि पहिल्या एसटीनं निघाले. आज हसू येतं. बाकीच्या बायकांच्या पिशव्यांत पापड, कुरड्या, आणि माझ्या पिशवीत एक ग्रह. पण तेव्हा मी अशी पेटले होते की कंडक्टरनं तिकिटाला विचारलं तर त्यालाही खेकसले.

घरी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. भाऊ दारात बसून कानशीनं वखराची लोखंडी पास घासत होता. माय माठाजवळ बसलेली. मी पाणीही न पिता पुठ्ठा तिच्यासमोर ठेवला.

"हे काय आनलं व?"

"गुरू."

"फोटो निंगते का त्याचा?"

"आपला नाई हा. दुसऱ्या सूर्याचा हाय. पूर्वा भाद्रपदेच्या बाजूले एक चांदनी हाय, तिच्याभवती फिरते."

"भाद्रपदेचा? मंग आपलाच झाला की थो."

मी कपाळावर हात मारला. पण सांगत राहिले. म्हटलं, हा बघ, आपल्याच गुरूसारखा, पण सूर्याच्या उरावर बसलेला. याची एकच बाजू सदा सूर्याकडे. तिकडे रात्र म्हणून नाही, आणि मागच्या बाजूला दिवस म्हणून नाही. त्याची हवा उकळून उकळून बाहेर उडून चालली आहे. हा जन्मभर अस्तातच आहे, उगवणारच नाही कधी. तिथं माणसं असती तर तुझ्या हिशेबानं एकाचंही लग्न झालं नसतं!

भाऊ दारातून म्हणाला, "जमीन कशी हाय तिथं?"

"जमीनच नाई. सारी हवा."

"जमीनच नाई? मंग पोरी देत असतीन तिथं लोकं."

मी हसले. माय हसली नाही. तिनं पुठ्ठा मांडीवर घेतला आणि त्या नारिंगी गोळ्यावरून बोट फिरवत बसली. मग तिनं विचारलं, "एवढा जवळ गेला कसा थो?"

मला हुरूप आला. आपलं म्हणणं हिच्यात उतरतंय असं वाटलं. म्हटलं, "शास्त्रज्ञ म्हनतेत, जलमला थो दूर, थंडीत. मंग सरकत सरकत आत आला."

"कोनी धाडलं त्याले?"

"कोनी नाई. आपोआप."

"आपोआप कोनी उनात जाते का व?"

आणि माझं डोकं सटकलं. मी इतकी वर्षं गिळलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. "माय, ग्रहानं मानूस मरत नाई! तुहा जवाई उनानं मेला. भर दुपारी गाडीवर निघाला म्हनून मेला. गुरूचा काई म्हंजे काई संबंध नाई. त्या गुरूपायी आता या पोराचा जलम नासवू नको!"

भावाची कानस थांबली. माय पुठ्ठ्याकडेच बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मंग म्याच मारलं त्याले."

मला आधी कळलंच नाही. तिनं वर न बघता सांगितलं. मावशी तेव्हा आजारी होती. तिनं सरगुंडे खायची इच्छा धरली होती. जेवणं झाल्यावर मायनं डबा भरला, बरणीत रस ओतला. जावई ओसरीत लवंडला होता. म्हणाला, मामी, ऊन उतरू द्या, मग जातो. ही म्हणाली, "जवाईबापू, रस आंबून जाईन संध्याकाळपर्यंत. आताच जाऊन या न. दोन घटकेचा तं रस्ता." तो उठला, रुमाल बांधला आणि गेला. गाडी घरी आणली तेव्हा तिला अडकवलेला डबा मायनंच कुणाला दिसू न देता काढून घेतला होता.

"त्याईनं पानी मागतलं होतं," माय म्हणाली. "म्या म्हनलं, तिकडंच प्या आता, रस बी भेटन तुमाले."

मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी बाभळीखालच्या त्या मोटारसायकलचा विचार करत होते. कशाला निघाला? माझ्यावर रागावला होता का? मला न उठवता का गेला? आणि हिला सगळं ठाऊक होतं. एक डबा आणि एक बरणी! मी तोंड उघडलं होतं, आणि काय बोलणार होते ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पण मी तिच्याकडे बघितलं. ती एवढीशी झाली होती. पुठ्ठा छातीशी धरून, पाय जवळ घेऊन बसलेली. आणि मला एकदम कळलं की हिनं गुरूला का धरून ठेवलं होतं. तो नसता तर ही केव्हाच गेली असती. तो एकच आधार होता आणि मी तो ओढून काढला होता, भावाच्या लग्नासाठी.

भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, "राहू दे ताई. नाई करत मी लगन."

आता काय करावं? गुरू खोटा म्हटला तर माय मरते. गुरू खरा म्हटला तर भावाचं लग्न जातं. आयुष्यात इतक्या लवकर मी कधी विचार केला नाही. मी मायच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मी चुकली," म्हटलं. "रागात बोलली. तुहंच खरं हाय. माह्या लग्नात गुरूच नडला. आपलं ऊन काय हजार अंशाचं हाय का? उनात तं सारेच जातेत. हा भाऊ जात नाई काय? त्याच रस्त्यानं त्या दिवशी दुसरे नाई गेले काय? त्याईले काई झालं नाई."

ती ऐकत होती.

"पन गुरुबळ कोनाले पायजे? पोरीले. मी पोरगी होती म्हनून मले नडला. पोराले पाहतेत रविबळ. हे तूच तं सांगत होती साऱ्याईले. भाऊच्या लग्नाले रवी पाह्य. गुरूचं पोरीचा बाप पाहून घेईन, त्याच्या महाराजानं दिला हाय मुहूर्त."

"रवी चांगला हाय का याचा?"

"लय चांगला हाय. मी इचारून आली."

कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, पिशवीत ग्रह घालून अंधश्रद्धा मोडायला आलेली, आणि बसल्या जागी पंचांग सांगत होते. आणि कुणाची साक्ष काढली? रवीची! ज्यानं माझा माणूस नेला, त्याच्याच भरवशावर मी माझ्या भावाला घालत होते.

मायनं डोळे पुसले. "तू म्हनतं तं मंग होऊ दे," म्हणाली. भावानं पुन्हा कानस हातात घेतली, पण घासत मात्र नव्हता.

पुठ्ठा मी तिथंच विसरले. लग्नाच्या तयारीला परत गेले तेव्हा तो माठावर झाकण म्हणून ठेवलेला दिसला, चित्र वर करून.

लग्न आमच्याच दारात लागलं, ऐन दुपारचा मुहूर्त. बाळापूरहून पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या, बाकीचे मोटारसायकलींवर. मंडपवाले चाचाही तिकडचेच. त्यांनी चारी कोपऱ्यांत कूलर लावले होते आणि सारखे पाणी भरत होते. अक्षता पडल्या. भाऊ फेट्यात इतका घामेजला होता की नवरीनं सगळ्यांसमोर आपल्या रुमालानं त्याचं कपाळ पुसलं, आणि बायकांनी तिला नावं ठेवली, आणि मला ती फार आवडली. मी खूष होते. जिंकले होते मी. मायला तिचा गुरू परत दिला होता आणि भावाला बायको मिळवून दिली होती. माझ्यासारखी हुशार बाई अख्ख्या जिल्ह्यात नाही असं मला वाटत होतं.

जेवणं उरकली. माणसं निघायला लागली आणि मंडपाच्या तोंडाशी गलका झाला. बघते तर माय तिथं खुर्ची टाकून बसलेली, पुढ्यात पन्ह्याचं पातेलं, आणि कुणालाही बाहेर सोडत नव्हती.

"ऊन उतरू द्या. मंग जा."

"मावशी, आमचं लांबचं गाव हाय."

"असू दे लांब."

मुलीचा मामा, तोच तो नोकरीवाल्याचा, चिडून म्हणाला की आमाले काम हायेत. माय म्हणाली, "काम मरत नाईत, बसा." चाचा कूलर सोडवायला लागले तर त्यांनाही हाक मारली, "चाचा, तुमीबी थांबा. कूलर चालू राहू द्या." चाचा म्हणाले, "भाभी, अगले गाँव में शाम की शादी है." तर त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला आणि बसवलं. लोक हसत होते. नवरदेवाची माय खुळावली म्हणत होते. मीही हसत हसतच जवळ गेले, तिला उठवायला.

तेव्हा दिसलं. तिच्या पदराला मोठी गाठ होती आणि गाठीतून चाव्या लोंबत होत्या. लग्नाला आलेल्या एकूण एक मोटारसायकलीची चावी तिनं जेवणाच्या पंगतीत फिरून गोळा केली होती. चावी मागताना कुणाला काय सांगितलं कोण जाणे. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी सांगितलेल्यातला एक शब्दही तिला पटलेला नव्हता. पोराचं लग्न व्हावं म्हणून तिनं मला पटल्यासारखं दाखवलं होतं, एवढंच.

मी तिच्या शेजारी खाली बसले आणि पेले भरून द्यायला लागले.

उन्हं कलली, सावल्या रस्त्यापलीकडे गेल्या, तेव्हा तिनं गाठ सोडली. एकेकाला हाक मारून चावी हातात ठेवली. सगळ्यात शेवटी राहिला शेजारच्या घरचा नवा जावई, मिसरूड नीट न फुटलेला पोरगा, मघापासून चुळबुळत होता. त्याची चावी तिनं लगेच दिली नाही. मुठीत धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं माठातल्या पाण्याचा पेला पुढे केला.

"जवाईबापू," माय म्हणाली, "पानी पिऊन जा."